कऱ्हाडचा माल, पाटणचं कुलूप

मी तशी कमी बोलणारी. लग्नात उखाणासुद्धा इतक्या हळू घेतला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी तो अंदाजानंच ऐकला. पण हा किस्सा आता माझे सासरेच गावभर सांगत सुटलेत, आणि त्यांच्या सांगण्यात दर वेळी एक फणस वाढतो. म्हटलं, फणस हाताबाहेर जायच्या आत आपणच सांगून टाकावं. तर बसा, चहा घ्या, आणि मी भर मुहूर्तावर कशी तोंडघशी पडले ते ऐका.

माझं सासर इस्लामपूरचं. घरचा मालवाहतुकीचा धंदा. बंद बॉडीच्या दोन गाड्या. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. आमच्या लग्नाच्या थोडं आधी, ड्रायव्हर ढाब्यावर जेवत असताना, कुणीतरी गाडीचं कुलूप तोडून मिक्सरचे खोके लांबवले. तेव्हापासून अण्णांचा साध्या कुलपावरचा विश्वास उडाला. ते पुण्याला गेले आणि दोन्ही गाड्यांना इलेक्ट्रिक कुलपं बसवून आले.

हे कुलूप म्हणजे काय प्रकरण आहे, सांगते. त्याला किल्ली नाही, किल्लीचं भोकही नाही. माल भरला, दार ओढलं की आपोआप बंद. मग फोनवरच्या नकाशात जिथं खूण केली असेल त्याच जागी गाडी पोचली, आणि फोनवर अंगठा टेकवला, तरच उघडतं. मध्ये वाटेत तुम्ही हातोडा घाला नाहीतर पाया पडा, ते ढिम्म! आणि एकदा लागलं की दुसरा दिवस उजाडेपर्यंत जागाही बदलता येत नाही. चोरानं बदलू नये म्हणून. मालकालाही बदलता येत नाही, हे आम्हाला सावकाश कळलं.

आता हे फोनवरचं काम करायचं कुणी? आमचे हे कायम हुबळीच्या गाडीबरोबर. अण्णांचं बोट एकाच वेळी तीन बटणांवर पडतं.

"सूनबाई बी.कॉम. हाय," अण्णांनी निकाल दिला. "तिचाच अंगठा घाला."

झालं. घरात माझ्या अंगठ्याला एकदम भाव आला. भाकरी भाजताना सासूबाई म्हणायच्या, "जपून गं, अंगठा पोळंल. गाडी आडंल."

इथं सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचं माहेर आमच्या मागच्याच गल्लीत. विरजण संपलं, चालल्या माहेरी. डोकं दुखलं, चालल्या माहेरी. गॅसवर कुकर ठेवून जातात आणि शिट्टीच्या आत माहेरपण उरकून परत येतात! त्यामुळे जिचं माहेर पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात डोंगराला टेकून आहे, तिला संध्याकाळी दिवेलागणीला काय होतं, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. आणि मी आपणहून सांगणाऱ्यातली नव्हे.

मी आपला एक उपाय शोधून काढला होता. दुपारी काम आवरलं की कुलपाचा नकाशा उघडायचा. बोटानं सरकवत सरकवत कऱ्हाड, मग पाटण, मग नदी, मग आमचं घर. वरून काढलेला फोटो. कौलं दिसतात, दारातला फणस दिसतो, गोठा दिसतो. फोटो जुना आहे, त्यामुळं आम्ही केव्हाच विकलेली म्हैस त्यात अजून बांधलेली आहे. तिला बघितलं की बरं वाटायचं. रोज शोधायला नको म्हणून मी तिथं एक खूण करून ठेवली. लाल, टिकलीएवढी.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

अक्षय तृतीयेला कऱ्हाडच्या एका शेठजींच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळा माल आमच्या इस्लामपूरच्या गोदामातून जायचा होता. माल वेळेत आणि सुखरूप पोचला तर पुढची सगळी वाहतूक आम्हालाच, असा शेठजींचा शब्द होता. अण्णा तेवढ्यावर थांबले असते तर! पण ते फोनवर म्हणाले, "शेठ, फीत काय, कुनीबी कापतंय. आमी तुमाला पाव्हण्यांसमोर इलेक्ट्रिक कुलूप उघडून दावतो!"

शेठजींना कल्पना भलतीच आवडली.

"सूनबाई, चांगलं लुगडं नेस," अण्णा सकाळी म्हणाले. "तुझ्याच हातानं उघडायचं हाय."

मी लग्नातला शालू नेसले, नथ घातली. माल भरून झाला. आमचे जुने ड्रायव्हर रमजानचाचा, त्यांनी दार ओढलं. फोननं विचारलं, 'दाखवलेल्या ठिकाणी उघडायचे?' मागून अण्णांचं "चला, चला, मुहूर्त जाईल" सुरू. मी एका हातानं नथ सावरली आणि दुसऱ्या हातानं 'हो' दाबलं.

कऱ्हाडात दुकानापुढं मांडव होता. सनई लावली होती. गाडीला हार घातला, नारळ फोडला. शेठजींच्या सुनेनं मला कुंकू लावलं, आणि अण्णांनी छोटंसं भाषणही केलं.

"ह्या कुलपाला मालक म्हाईत न्हाई, चोर म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले. "त्याला फकस्त जागा म्हाईत हाय!"

टाळ्या. सगळ्यांचे फोन माझ्या अंगठ्यावर रोखलेले. मी अंगठा टेकवला. फोन थरथरला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"काय म्हणतंय गं ते?" अण्णा हसत हसत, दात न उघडता.

मी फोनवरची अक्षरं वाचली आणि माझ्या पायाखालचा मांडव सरकला. शेठजींचं दुकान मी आदल्या दिवशी सकाळी नकाशात टाकलं होतं. अगदी बरोबर टाकलं होतं. पण त्यानंतर दुपारी मी लाल खुणेवर बोट टेकवून म्हैस बघितली होती, आणि कुलूप शेवटची खूण धरतं!

"पुढं जा म्हणतंय," मी पुटपुटले.

"पुढं? दुकानाच्या मागच्या दारात व्हय?"

"नाही... जरा पुढं."

"कऱ्हाडच्या भायेर?"

"पाटणच्या पुढं."

अण्णांचं हसू तसंच राहिलं, पण आतला माणूस निघून गेला. "पाटणच्या पुढं काय हाय आपलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण बोलणाऱ्या असतो तर एखादी थाप तरी सुचली असती.

"माझं माहेर," मी म्हणाले.

कुलपाच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. आज सण आहे, माणूस उद्या येईल, आणि आमच्या उत्पादनावर विश्वास दाखवल्याबद्दल धन्यवाद. रमजानचाचा हळूच म्हणाले, "अण्णा, शेजारी फॅब्रिकेशनवाला हाय. ग्राइंडर आणू?"

"आण की," अण्णा म्हणाले. "त्याला ग्राइंडर लागला की इंजनबी बंद पडतंय. मीच मुद्दाम तसं बसवून घेतलंय."

शेठजी घड्याळाकडं बघत होते. प्रमुख पाहुणे दुपारनंतर येणार होते, एवढंच नशीब.

"दुपारपातूर माल दुकानात पायजे, अण्णा," ते शांतपणे म्हणाले. "न्हाईतर मला दुसरी गाडी बघाय लागंल. आजच्यापुरती न्हवं."

मग काय, हार घातलेली गाडी पाटणच्या वाटेला लागली. केबिनमध्ये चाचा, मध्ये शालू-नथीतली मी, खिडकीशी अण्णा. कऱ्हाड सुटल्यावर मी खूप हिंमत करून "अण्णा..." म्हटलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता तू काय बोलू नगंस. बोलायची वेळ गेली." खिडकीतून धूळ येत होती. माझे डोळे लाल झाले. निम्मे धुळीनं.

आमच्या माहेरी रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या एका दगडावर. हे जावयाला माहीत होतं, व्याह्यांना नव्हतं. गाडी दारात थांबली आणि मी कुणाला काही न सांगता उडी मारून, शालू आवरत, गोठ्यामागं पळत सुटले.

आता हेच सगळं आईच्या बाजूनं बघा. बाबा बाजारला गेलेले. ती अंगणात मिरच्या वाळत घालतेय. दारात एकाएकी मालट्रक. त्यातून लग्नाच्या शालूत, लाल डोळ्यांची लेक उतरते, आईकडं न बघता गोठ्यामागं पळते. लहानपणापासून मी रडायला तिथंच जाते! मागून व्याही उतरतात, हात जोडलेले, मान खाली. कारण न सांगता-सवरता, रिकाम्या हातानं व्याह्यांच्या दारात आल्याचा अण्णांना संकोच वाटत होता, एवढंच. पण आईला ते काय कळणार?

मी दगडावर चढून अंगठा टेकवला. हिरवा दिवा! तिकडं गाडीचं कुलूप खटकन् उघडलं आणि चाचांनी उत्साहानं दोन्ही दारं सताड उघडली.

आत फ्रिज. वॉशिंग मशीन. मिक्सर.

शेजारच्या शेवंताकाकूंनी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून बघितलं आणि हंबरडाच फोडला. "अगं बया! पोरीचं समदं सामान परत आणलं की गं!"

आई मटकन् पायरीवर बसली. "पाव्हणं," तिचा आवाज मला गोठ्यामागं ऐकू आला. "काय चुकलं वो माझ्या लेकीचं?"

"लय चुकलं!" अण्णा म्हणाले. ते बिचारे अजून नकाशातच होते.

"पोर गरीब हाय, पाव्हणं. तोंडातनं शबुद काढत न्हाई, एवढाच काय तो तिचा दोष."

"आवं, तेच तर! तोंडातनं शबुद काढला असता तर हे झालंच नसतं!"

मी धावत येईपर्यंत आईनं पदर डोळ्याला लावला होता. तेवढ्यात काकू गडगा ओलांडून गाडीजवळ पोचल्या होत्या. त्यांनी आत वाकून नीट बघितलं, बोटांवर मोजलं, आणि आईकडं वळून म्हणाल्या, "व्हय गं, पण आपण तर एकच फ्रिज दिला हुता. ह्यांनी व्याजासकट परत केला व्हय?"

आई रडायची थांबली. अण्णांनी गाडीकडं बघितलं, आईकडं बघितलं, माझ्या शालूकडं बघितलं, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "आरं देवा! आवं वयनी, न्हाई, न्हाई! पोरगी तुमची सोन्यासारखी हाय. फकस्त कुलूप माहेरला लावून आली!"

मग सगळी हकीकत झाली. म्हशीपर्यंत. मला ती सांगावी लागली, चार माणसांसमोर, मोठ्यानं. आई हसली, पुन्हा रडली, आणि लगेच चहाला उठली. अण्णा "वेळ न्हाई वो" म्हणत राहिले. पण दारात आलेली लेक कुणी तशीच पाठवतं का? माझी ओटी भरली. तांदळाचं पोतं गाडीत चढलं. झाडाचे दोन फणस उतरवले. (दोनच. अण्णांच्या गोष्टीत परवा सात झाले होते.)

चाचा दार ओढणार, इतक्यात अण्णा ओरडले, "थांब! दार लावू नगंस! लावलं तर आज परत हितंच उघडतंय!"

सगळे दाराकडं बघत राहिले. ज्या दारासाठी अण्णा पुण्याला गेले होते, ते आता उघडं ठेवून कऱ्हाडपर्यंत न्यायचं होतं. आई आत गेली आणि तिचं जुनं हिरवं नऊवारी लुगडं घेऊन आली. चाचांनी ते दोन्ही दारांच्या कड्यांतून ओवून करकचून गाठ मारली. वर काकूंनी स्वतः एक गाठ मारली.

पाहुणे यायच्या आत आम्ही कऱ्हाडला पोचलो, जेमतेम. पुन्हा सनई, पुन्हा फोन उगारलेले. अण्णा गाडीमागं गेले, आणि सगळ्या मांडवासमोर हिरव्या लुगड्याची गाठ सोडू लागले. ती काकूंची गाठ. सुटेना. शेवटी दातानं सोडली. दार उघडलं आणि सगळ्यात आधी शेठजींच्या पायाशी फणस गडगडत आला.

शेठजी लुगड्याकडं बघत म्हणाले, "अण्णा, इलेक्ट्रिक कुलूप म्हणाला हुता न्हवं?"

"हायच की," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "लाइट गेली तर म्हणून हे जोडीला."

शेठजी इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. काम आम्हाला मिळालं. फणस त्यांनी ठेवून घेतला.

परतताना केबिनमध्ये पुन्हा तसेच तिघं. अण्णा म्हणाले, "पोरी, माहेरची आठवण येत असंल तर तोंडानं सांगावं. यष्टीचं तिकीट काढून दिऊ. ट्रकभर फ्रिज कशाला पायजेत?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला आठवडाभरासाठी माहेरी पाठवलं, आणि एस.टी.त बसवताना म्हणाले, "फोनमधली टिकली तेवढी पुसून जा."

मी परत आले तोवर माझ्या अंगठ्याचं काम गेलं होतं. आता कुलपात सासूबाईंचा अंगठा आहे. त्यांना फोन धड उचलताही येत नाही. पण अण्णांचा हिशेब पक्का आहे: त्यांचं माहेर मागच्याच गल्लीत. चुकून खूण तिथं पडली तर गाडी ढकलत नेऊन आणता येते.