आमच्या मशीनला पाणी कळेना

मी विज्ञानाचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. कुणी शिंकलं तरी मी त्याला कारण सांगतो. आमच्या थळ गावात माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता होड्या आणि ट्रक चालवतात. समोर आली तर वाकून नमस्कार करतात, आणि मी लांबून दिसलो तर गल्ली बदलतात.

गेल्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी बायको मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी बजावलं, की हात पाण्यात घालायचा नाही, काही पिळायचं नाही. हाड वाकडं जुळलं तर हात कायमचा अधू होईल. मी छाती काढून म्हटलं, "घरात वॉशिंग मशीन आहे, डॉक्टर. काळजी नको."

आमच्याकडे दसऱ्याला होडीच्या इंजिनापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. बायकोनं डाव्या हातानं तबक माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "मशीनची पूजा या वर्षी तुम्ही करा. वरून चार दाणे टाका, बास." असल्या गोष्टींवर मी जन्मभर व्याख्यानं झोडलेली. पण त्या प्लास्टरकडे बघून नाही म्हणवेना, आणि मुकाट्यानं काही करणं माझ्या रक्तात नाही. मी झाकण उघडलं, कुंकू लावलेल्या अक्षतांची मूठ भरली आणि सगळी ड्रममध्ये सोडली. "घे बाई, पोटभर जेव!" असंही म्हटलं. माझ्या विनोदावर मी एकटाच हसलो.

तीन दिवसांनी मशीन बिघडली. पाणी भरू लागली ती भरतच राहिली. पार वरपर्यंत पाणी आलं तरी तिचं समाधान होईना. मग पडद्यावर दोन अक्षरं उमटली आणि ती किंचाळू लागली. पुस्तिकेत त्या अक्षरांचा अर्थ होता: पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर बिघडला आहे.

मला तर आनंदच झाला. हा माझा विषय. बायकोला समोर बसवून मी समजावलं, "टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते. त्या दाबावरून मशीनला कळतं, पाणी किती झालं. समजलं?" तिनं विचारलं, "मग कपडे कधी धुणार?"

त्यानंतर आठ दिवस मी त्या नळीला सोडून बाकी सगळ्याला हात लावला. प्लग काढून दहा मिनिटं थांबलो. नळाची जाळी घासली. भिंतीवरचं बटण बदललं. एका व्हिडिओतल्या हिंदी बोलणाऱ्या माणसाचं ऐकून मागचं झाकण उघडलं आणि सेन्सरच्या तारा कापसानं पुसल्या. कंपनीला फोन केला तर एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि सनई लावून निघून गेली. अलिबागचा मेकॅनिक तीनदा "उद्या नक्की" म्हणाला. चौथ्या उद्याला आला, मशीनकडे लांबूनच बघून "सेन्सर गेला, मागवायला लागेल" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला तो गेलाच. शेजारीण म्हणाली, मशीनला दृष्ट लागली. तिला मी पाऊण तास अंधश्रद्धेवर सुनावलं.

या दिवसांत कपडे मी धुवत होतो. पहिल्या दिवशी माझ्या सदऱ्यावर साबणाचे पांढरे ओघळ राहिले होते. तिसऱ्या दिवसापासून मात्र सदरे लख्ख निघू लागले. माणूस मनावर घेईल तर काय करू शकत नाही, असं मी बायकोला दोनदा ऐकवलंही.

नवव्या दिवशी ती मला चहा देत होती, तेव्हा प्लास्टरची कडा मला काळपट आणि ओली दिसली. दाबून पाहिली तर मऊ. मी विचारलं, "हे कसं झालं?" ती म्हणाली, "तुम्ही फोन लावायला बाहेरच्या ओट्यावर जाता ना, तेवढ्यात मी पुन्हा धुते. डाव्या हातानंच धुते हो. पिळताना जरा याचा आधार घ्यावा लागतो." मी ओरडलो, "पण का?" तर म्हणाली, "तुम्ही चारचौघांत जाता. तसले सदरे बघवेनात."

तिचा हात अधू झाला असता, तर तो माझ्या सदऱ्यांपायी आणि माझ्या फुशारकीपायी झाला असता. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

चप्पल घातली आणि थेट कोळीवाड्यात गेलो. तिथला एक तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, माझा विद्यार्थी. हवेच्या दाबाच्या धड्यात मी त्याला भोपळा दिला होता आणि वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो जाळं विणत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, नली फुकून बघितली?"

मी म्हटलं, "नाही."

"आमी डिझेलची नली तुंबली का पयली फुकतो," असं म्हणत तो उठला.

घरी येऊन त्यानं नळी सेन्सरपासून सोडवली, तोंडाला लावली आणि गाल फुगवले. हवा जाईना. मशीन भिंतीला कलती करून त्यानं खालचं टोकही सोडवलं आणि तार घातली. साबणाचा चिकट गोळा बाहेर आला. त्यात फुगलेले, मऊ झालेले तांदळाचे दाणे. काहींवर अजून कुंकवाचा गुलाबी रंग होता.

तांडेलानं तो गोळा हातावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्या तं अक्षता हायेत."

सत्य सांगावं, पुरावा मानावा, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. आणि ऐन वेळी छताकडे बघत उभा राहिलो.

बायको दारातून म्हणाली, "माझ्याच हातून पडल्या असतील रे. दसऱ्याला पूजा केली ना."

"काकी, मशीनीला येवरं जेवाण घालाचं नसतं," तो हसून म्हणाला. मीही त्याच्याबरोबर मान हलवली. खरंच हलवली. मशीन सुरू झाली, पाणी योग्य जागी थांबलं, आणि मी बायकोला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं प्लास्टर बदललं. हाड जागचं हललं नव्हतं. बाहेर बाकावर बसून मी डोळे पुसले, आणि ते कुणापासून लपवलेही नाहीत. पण ती मान हलवलेली काही मला विसरता येईना. दोन दिवस घास गोड लागला नाही. शेवटी पुन्हा कोळीवाड्यात गेलो आणि तांडेलासमोर एका दमात म्हणालो, "त्या अक्षता तिनं नाही, मी टाकल्या होत्या. मूठभर. थट्टा म्हणून."

त्यानं जाळ्यावरून नजरही उचलली नाही.

"म्हाईत हाय, सर. काकींचा उजवा हात पलास्टरात. डाव्या हातानं कोन अक्षता टाकतं का?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"काकी तुमाला सांभालत व्हत्या," तो म्हणाला. "त्यांच्या मधी मी कशाला बोलू?"