पन्नास किलोचा आवाज

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

गणपती जवळ आलेत. मंडळाच्या प्रसादाची साखर दरवर्षी आमच्याकडेच उतरते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासूनची पद्धत. तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं यायचं. बाबा कोल्हापूरच्या तालमीतले. टेम्पोतून ते एकटे पाठीवर घ्यायचे आणि स्वयंपाकघरात आणून टाकायचे. धप्पकन आवाज व्हायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची आणि आई आतून ओरडायची, "अहो, हळू!" मग त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन यायची.

बाबा यंदा होळीनंतर गेले.

आज नोएडाच्या फ्लॅटवर दुकानाचा माणूस साखर घेऊन आला. "कहाँ रखूँ, मैडम?" म्हणाला आणि पोतं स्वयंपाकघरात टाकून गेला. आता पोती पन्नास किलोचीच येतात. धप्प झालं, पण भांडी हलली नाहीत.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, "अहो, आज एवढंसंच उचललंत? बरं नाहीये का?"

आईची स्मरणशक्ती बिल्कुल ठणठणीत आहे. सकाळीच तिने बाबांच्या फोटोचा हार बदलला होता.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने तो पोत्याशेजारी ठेवला आणि परत आत गेली.

आता दिवेलागण झालीय. तांब्या तिथेच आहे. खरं सांगा यार, तुमचा हात धजला असता तो उचलायला?