रफीकभाईंच्या नोंदी

ग्रुपवर आलेली बातमी मी खरी मानत नाही. त्यातून माणूस गेल्याची असेल तर मुळीच नाही. धडधाकट माणसांना श्रद्धांजली वाहिलेली मी पाहिली आहे. म्हणून अकोल्याचे ग्रंथपाल रफीकभाई गेल्याचं गेल्या महिन्यात वाचलं, तेव्हा बडनेऱ्याहून मी सरळ त्यांनाच फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीने. "काका, खरं हाये," एवढंच म्हणाली... मी कशासाठी फोन केला, हे तिने बरोबर ओळखलं होतं. माझा संशयी स्वभाव त्या घरात ठाऊक होता, आणि त्याचं कारण काही चांगलं नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी 'स्मार्ट' झालेल्या वाचनालयांची परिपक्वता, म्हणजे ती कितपत 'स्मार्ट' झाली ते, तपासणाऱ्या समितीवर गेलो. पाच पातळ्या, पाचवी सगळ्यांत वरची, प्रत्येकीचे निकष. वाचक स्वतः यंत्रावर कार्ड लावून पुस्तक नेतात का, हा त्यातला मोठा निकष. जुन्या शहरातल्या रफीकभाईंच्या वाचनालयात, नोंदींप्रमाणे, झाडून सगळी पुस्तकं अशीच जात होती. अमरावतीत इंजिनिअरिंगची पोरं त्या यंत्रापुढे अडतात आणि इथे ऐंशीच्या आजीबाई सराईत? माझ्या मनात पाल चुकचुकली. न कळवता गेलो. पाहतो तर यंत्राशेजारी खुर्ची टाकून रफीकभाई बसलेले. वाचक येई, कार्ड त्यांच्या हाती देई, बटणं हे दाबत, आणि तेवढ्यात मागचं पुस्तक कसं वाटलं तेही विचारून घेत.

"ही स्वयंसेवा?" मी विचारलं.

"कार्ड त्यायचं, पुस्तक त्यायचं. बोट तेवढं मायं," ते हसून म्हणाले. "मशीन आली अन् हातानं पुस्तक देनं बंद झालं, साहेब. या बाया मशीनले भेतात. मी बोट नाही लावलं तर इथं येनंच सोडतीन."

मला काही ते पटलं नाही. इतका गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. अहवालात मी लिहिलं, 'नोंदी खोट्या.' वाचनालय चौथ्या पातळीवरून दुसरीवर आलं.

महिन्याभराने ते माझ्या घरी आले. समोरचा चहा निवत राहिला. "पातळी पहिली करा, मले काई म्हननं नाही. पन 'खोट्या' हा शब्द काढा. त्या बाया खरंच पुस्तकं वाचून राहिल्या, साहेब... अन् माया पोरीनं वाचला तो कागद." मी म्हणालो, "पाहू." आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. तीच आमची शेवटची भेट.

परवा त्यांच्या घरी भेटून आल्यावर वाचनालयात गेलो. खोटं कशाला बोलू, त्या बाया खरंच वाचतात का, ते तपासायलाच गेलो होतो. खुर्ची तिथेच होती. एक वयस्कर बाई आल्या, सवयीने खुर्चीकडे कार्ड धरलं आणि हात तसाच थांबला. मी त्यांच्या हातातल्या कादंबरीचा शेवट विचारला. त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, नायिकेच्या सासूला दोन शिव्याही घातल्या. मला स्वतःची फार लाज वाटली.

"भाई तं गेले. आता तुमीच करून द्या," म्हणत त्यांनी कार्ड माझ्यापुढे केलं.

मी आधी मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना... मग बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'स्वयंसेवेबद्दल धन्यवाद.'

घरी येऊन समितीला पत्र लिहिलं. तो शब्द काढा, असं सांगितलं, आणि त्या दिवशीची एक नोंद माझ्या बोटाची आहे, हेही कळवलं. आता त्यांना संशय घ्यायचा असेल तर खुशाल माझ्यावर घ्यावा.