कुलूप लावलेला ड्रम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडतानाही मी विषय बदलते. तुम्हाला सांगते — बघू, जमतं का.

तेव्हा आम्ही औरंगाबादच्या कडेला, नव्या गुंठेवारीत राहायचो. कालपरवापर्यंत कपाशी होती तिथं घरं उठली होती, नळ मात्र आले नव्हते. त्यात दुष्काळ, टँकर आठवड्यातून दोनदा. एका अंगणात दोघा भावांचे दोन संसार. मी थोरली, वैजापूरची. धाकटी जाऊ सुमन सिल्लोडची. दारापुढं दोन निळे ड्रम. तिचा उघडा, माझ्या झाकणाला कुलूप आणि किल्ली कमरेला. पाणी चोरीला जातं, असं मी म्हणायचे. खरं सांगू? ते कुलूप चोरांसाठी नव्हतंच.

एके सकाळी सुमन दारात आली. तिच्या बाळाला ताप होता आणि तिच्याकडं प्यायच्या दोनच घागरी उरल्या होत्या.

"आक्का, एक घागर द्या ना. लेकराला पट्ट्या ठेवायच्यात. टँकर आला की परत देते."

"कुठून देऊ माय? ड्रम ठणठणगोपाळ हाय."

ड्रम काठोकाठ भरलेला होता. ती परत गेली.

त्याच दुपारी माझ्या स्टोचा भडका उडाला. मी अंगणात ज्वारी निवडत होते, आत माझी चार वर्षांची पिंकी झोपलेली. बघता बघता दाराचा पडदा पेटला. मी किंचाळले, गल्ली धावली, "पाणी, पाणी" सुरू झालं. माझा हात कमरेला गेला. किल्ली मुठीत आली — आणि मी थांबले. कुलूप काढलं तर भरलेला ड्रम सुमनला दिसणार! पोटची पोर आगीत, आणि मला लाज कसली वाटली? चार श्वास असतील. पण ते चार श्वास मी तिथं उभी होते.

सुमननं गोधडीवर आपल्या दोन्ही घागरी ओतल्या, ती पांघरली आणि आत शिरली. पिंकीला घेऊनच बाहेर आली. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. घरांपुढं पडलेली बांधकामाची वाळू टाकून लोकांनी आग विझवली.

मग मात्र मी कुलूप काढलं. तिच्या हातावर घागरीमागून घागर ओतत रडत होते, "किल्लीच सापडंना गं, किल्लीच सापडंना."

तिनं ड्रमात पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. "असू द्या आक्का. पोरगी हाय ना! तिला पाणी पाजा आधी."

ते कुलूप मी त्याच दिवशी फेकलं. पुढच्या टँकरपासून ड्रम एक झाले, दिवाळीपर्यंत चूलही एक झाली. ती अजून एकच आहे. पिंकी आता संसाराला लागली. माहेरी आली की आधी काकूच्या गळ्यात पडते, मग माझ्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. बरं वाटतं.

ड्रम भरलेला होता, हे सुमनला तेव्हाच कळलं. तिनं तो विषय कधी काढला नाही. पण किल्लीचं ती खरं मानून बसली आहे.

आज संध्याकाळी ती कणीक मळायला बसली की सांगणार आहे. माफी मागणार नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकेल, स्वभावच तसा तिचा. फक्त सांगणार आहे — सुमन, किल्ली माझ्या मुठीत होती.