पहिल्या खोबणीतला व्हॉल्व्ह

मिस्त्रींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा. अलीकडे सोल्डरचा वास, पलीकडे चहाचा, आणि दोन्ही वास एकमेकांच्या हद्दीत खुशाल ये-जा करायचे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, गाण्याबजावण्याची मशीनं, जे जे बोलायचं थांबायचं ते मिस्त्रींच्या टेबलावर यायचं. हल्ली येणारं कमी झालं होतं. तरी माणूस रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आठच्या ठोक्याला स्टुलावर हजर.

"कोण येणार आहे एवढं?" बायको विचारायची.

"कुणी येवो न येवो, मी यायला नको का?"

त्यांची बढाई एकच, पण ती मोठी. भलता माल बसवणार नाही. वस्तू नसेल तर तोंडावर नाही म्हणेन, गिऱ्हाईक परत पाठवीन, पण मशीनला खोटं घालणार नाही. सगळ्या वस्तीत त्यांचं नाव होतं ते यावर.

त्या दिवशी लंबूची मुलगी आली ती बाळाची गाडी ढकलत. बायकोनं पडद्यातून डोकावून पाहिलं आणि हरखलीच.

"अगं बाई! कधी झालं? कळवायचं तरी!"

"काकू, अ‍ॅम्प्लिफायर आहे," मुलगी हसत म्हणाली. "शेजारणीची गाडी मागून आणलीय. हा माझ्याच्यानं उचलवत नाही."

लंबू म्हणजे मिस्त्रींचा लंगोटीयार. तरुणपणी क्लबच्या हॉलमध्ये नाचाच्या कार्यक्रमांना गिटार वाजवायचा, आणि पुढे जन्मभर शिकवण्या केल्या. दारातून वाकल्याशिवाय आत यायचा नाही, इतका उंच. त्याचं हे मशीन मिस्त्रींनी तरुणपणापासून सांभाळलेलं. तपकिरी कापड, झिजलेले कोपरे. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, गावाहून आलेल्या नातवाच्या फिरवावा तसा.

"काय झालंय याला?"

"बाबांचे हात थरथरतात आता. वाजवणं सुटून वर्ष झालं. म्हणून मी वाजवते. व्हॉल्व्ह गेले होते, तुम्ही तेव्हा इस्पितळात होतात, मग मोठ्या दुकानात नेला. त्यांनी सगळे नवे घातले आणि जुने फेकून दिले. तेव्हापासून मी वाजवायला बसले की बाबा उठून बाहेर जातात."

"काही बोलतो?"

"'छान वाजवतेस' म्हणतात. आणि जातात. काका, तो आवाजच त्यांचा नाही. आधीचा कसा गोल होता. हा दाताखाली खडा आल्यासारखा. ते खोलीत बसले पाहिजेत, बाकी मला काही नको."

मिस्त्री मागची फळी उघडून बसले.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय, तर काचेची बंद नळी. आत तार तापून लाल होते, देवघरातल्या वातीएवढी, आणि मशीन बोलायला लागतं. मागचे दोन मोठे व्हॉल्व्ह आवाजाला ताकद देतात. पुढे असतात छोटे, बोटाएवढे. त्यातला पहिल्या खोबणीतला जो असतो, तो गिटारचा बारीक आवाज उचलून पुढच्याच्या हातात देतो. त्यानं तो कसा उचलला, यावर सगळा खेळ.

मिस्त्रींकडचे व्हॉल्व्ह बिस्किटांच्या डब्यात, जुन्या पायमोज्यांत गुंडाळून ठेवलेले. एकेक काढायचे, उजेडात धरून बघायचे. काचेच्या टोकाशी आत चांदीसारखा मुलामा असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली समजायचं, तो बाद. मग मशीन बंद करून, निवू देऊन, फडक्यानं धरून जुना हलवत हलवत सरळ वर काढायचा आणि दुसरा बसवायचा. तार लाल होईपर्यंत थांबायचं. पेन्सिलीनं काचेवर हलकेच टिचकी मारायची, आत घंटा वाजली तर तोही बाद. मग मुलगी गिटार जोडून वाजवणार, रोज तेच एक गाणं.

पहिला बसवला.

"हा चावतो," मुलगी म्हणाली.

दुसरा.

"हा जरा बरा आहे. पण माशी गुणगुणतेय मागे."

तिसऱ्याला मिस्त्रींनीच नापास केलं. चौथा, पाचवा, असे तीन दिवस गेले. बायकोला गाणं पाठ झालं, आणि बोळातल्या चांभारालाही. सगळे व्हॉल्व्ह एकाच जातीचे, जोरकस. मशीनच्या पाठीवर ज्याचा नंबर छापलाय त्याच जातीचे.

तिसऱ्या दिवशी मुलगी गेल्यावर बायको पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

"अजून किती वळसे घालणार आहात?"

"शोधतोय ना."

"शोधताय कसले! कुठे आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मी टॉर्च धरला होता म्हटलं. विसरलात?"

विसरतील कसे? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये मोठा नाच होता. लाकडी फरशीवर पाय सरकावेत म्हणून पावडर टाकलेली, खुर्च्या भिंतीकडेला सारलेल्या, आणि लंबू कुणाचातरी कोट मागून घालून आलेला, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. दुपारीच मशीन मुकं झालं होतं. पहिल्या खोबणीतला व्हॉल्व्ह गेलेला, आणि त्या जातीचा दुसरा अख्ख्या बाजारात नव्हता. स्टेजमागच्या अंधारात मिस्त्री पालथे पडले, नवी बायको शेजारी टॉर्च घेऊन. खिशात एका टेपरेकॉर्डरमधून काढलेला व्हॉल्व्ह होता. खाली खोबणीत बसणारे तारेचे पाय तेच, नऊच, पण जात दुबळी. आवाज निम्मा उचलणारी. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो दाबून बसवला.

"मिळाला का रे अस्सल?" लंबूनं वरून विचारलं.

"अगदी अस्सल," मिस्त्री म्हणाले.

त्या संध्याकाळी लंबूच्या गिटारचा आवाज असा काही निघाला, की नाचणारी माणसं थांबून ऐकायला लागली. मऊ, गोल, मधासारखा ओघळणारा. महिन्यानं खरा व्हॉल्व्ह आला तेव्हा मिस्त्री बदलायला गेले, तर लंबू अंगावर आला. "हात लावू नकोस! आता कुठे माझा आवाज सापडलाय मला!" मग काय सांगणार? पुढे दोनदा तो व्हॉल्व्ह संपला, दोन्ही वेळा मिस्त्रींनी गुपचूप तोच दुबळा घातला. आणि लंबू शिकवणीतल्या एकेका पिढीला सांगत राहिला, आवाज मशीनमध्ये नसतो रे, बोटांत असतो. मिस्त्री समोर बसून मान डोलवायचे.

"गुपचूप घालून देतो," मिस्त्री बायकोला म्हणाले. "पोरीचं काम होईल."

"द्या की. आणि तुमच्यामागे तो संपला म्हणजे? पोरगी कुणाच्या तोंडाकडे बघेल? पुन्हा ते दुकान, पुन्हा तो खडा."

"खरं सांगितलं तर लंबू तोंड बघणार नाही माझं."

"नाही बघणार," बायको म्हणाली. "पण मुलीचं वाजवणं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी लंबू आला, दारातून वाकून. बायकोनं त्याला चहा अर्धाच कप दिला, म्हणजे हात हलला तरी सांडू नये. तो मुलीला म्हणाला, "उगाच याला छळतेस. मशीनमध्ये काही नसतं बाळा, सगळं बोटांत..."

"लंबू," मिस्त्री म्हणाले, "तुझ्या मशीनमध्ये क्लबच्या त्या मोठ्या नाचापासून भलता व्हॉल्व्ह होता. मी घातला होता. टेपरेकॉर्डरचा."

आणि मग सगळं सांगितलं. मधे थांबले नाहीत. थांबले असते तर पुढे जाणं झालं नसतं.

लंबूनं कप खाली ठेवला. बशीवर तो बराच वेळ खडखडला.

"म्हणजे बोटांचं नव्हतं ते?"

मिस्त्री डब्यातले पायमोजे सरळ करत राहिले.

"मी पोरांना सांगत होतो. आणि तू समोर बसून मान डोलवत होतास."

"डोलवत होतो."

"तू! भलता माल न बसवणारा!"

लंबू उठला. मुलगी "बाबा" म्हणाली, पण तो दारापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, हात चौकटीला धरून. मिस्त्रींचे कान तापले होते. त्यांनी डब्यातून तीन दुबळे काढले. एक टिचकीला वाजला. एक खरखरला. तिसरा गप्प राहिला, तो पहिल्या खोबणीत बसवला. तार लाल झाली. त्यांनी मुलीला मान हलवून खूण केली.

तिनं वाजवलं. आवाज आला तो पडसं झालेल्या माणसासारखा. फिका, लांबून. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाही नाही, काका."

मिस्त्री हादरले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ओतलं, आणि त्यातून हे?

"कुरवाळतेस काय त्याला!" दारातून आवाज आला. लंबूनं मान वळवली नव्हती. "मार! जोरात मार. या मशीनला मागून ढकलावं लागायचं, बैलाला ढकलल्यासारखं. हलक्या हातानं वाजवलं तर ढिम्म हलायचं नाही ते."

मुलीनं तार ओढली.

"ह्यॅ! खांद्यातून!"

तिनं खांद्यातून मारली, आणि आवाज फुगून वर आला. गोल, मऊ, कडा नसलेला. बोळातला चांभार हातोडी थांबवून वळला. लंबू हळूहळू मागे आला. मुलीच्या मनगटाकडे बघत राहिला, स्वतःचा थरथरता हात उचलून हवेतच एकदा तसा फटका मारून दाखवला, आणि खुर्चीत बसला.

"म्हणून माझं मनगट जन्मभर दुखलं," तो म्हणाला. "तुझ्या त्या टेपरेकॉर्डरपायी."

"माझ्यामुळेच," मिस्त्री म्हणाले.

यावर लंबू त्यांच्याशी बोलेनासा झाला. मुलीनं गाणं पूर्ण वाजवलं, मग दुसरं. तो उठला नाही. दुसरं संपल्यावर पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, तुमच्या ह्यांना सांगा, असले आणखी असतील तर बाजूला काढून ठेवा म्हणावं. पोरीला पुढे लागतील."

मिस्त्री दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. तेही पडद्याकडेच बघून म्हणाले, "अगं, सांग त्याला, टेपरेकॉर्डर अजून दोन आहेत माळ्यावर. आजच उघडतो."

"काकू, त्या दोघांना म्हणावं गप्प बसा," मुलगी म्हणाली, आणि तिसरं गाणं सुरू केलं.