विमानतळावरचा रोवणा

भंडाऱ्यात बसस्थानकापासून आमच्या घरापर्यंतच्या भिंतींवर सध्या चौदा वाघ आहेत. शहर सजवायचं ठरलं तेव्हा ते रंगवले गेले. सकाळी फिरायला जातो तेव्हा मी ते मोजतो. चौदापैकी दोघांचे डोळे माणसासारखे आहेत आणि एकाला शेपूट नाही, कारण शेपटीच्या जागी विजेची पेटी आली. मला चित्रातलं फारसं कळत नाही. किती आणि केवढं, एवढं कळतं.

म्हणून विमानतळावरच्या चित्राची तर मला पूर्ण खात्री होती. मेव्हण्याला आणायला तीन वेळा तिथं गेलो होतो आणि तिन्ही वेळा विमान उशिरा आलं होतं. प्रवासी बाहेर पडतात त्या दारासमोरच्या भिंतीवर रोवणा रंगवलेला आहे, म्हणजे धानाची, भाताची लावणी. भिंत माझ्या पावलांनी अठ्ठेचाळीस फूट. बगळे अकरा. वाकून रोवणाऱ्या बायका नऊ, सगळ्यांची तोंडं आपल्याकडे. त्यांतली सगळ्यांत पुढची, सगळ्यांत मोठी बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

हे असं झालं की दोन वर्षांपूर्वी एक चित्रकार बाई रोवण्याच्या दिवसांत सासूबाईंच्या गावी, कोंढ्याला, गेली होती. तिनं बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर उभं राहून फोटो काढले आणि चेहरा वापरू का म्हणून रीतसर विचारलं. सासूबाई म्हणाल्या, वापर, पण मी हात थांबवणार नाही. चाळीस वर्षं त्या रोवण्याला गेल्या. त्यांच्या आधी कोणाची ओळ संपली, असं कोंढ्यात कोणी सांगत नाही. आमच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलीच्या शिक्षणाआधी हे सांगितलं गेलं होतं.

चित्र त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. या दिवाळीला त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, विमानानं येणार होता, म्हणून त्यांना सोबत नेलं. भिंतीसमोर उभं करून मी लांबी, बायका, बगळे, सगळं सांगितलं. त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, गहिवरल्या.

"जावाईबापू," त्या म्हणाल्या, "मी त रोवलेल्या धानावर पाय देऊन राहिली."

रोवणा मागं सरकत करतात. समोर रोवत जायचं आणि एकेक पाऊल मागच्या मोकळ्या चिखलात टाकायचं. रोवलेलं धान कायम तोंडासमोर राहतं. या चित्रात रोवलेलं हिरवं शेत नऊ बायकांच्या पाठीमागे होतं आणि समोर नुसता चिखल. म्हणजे नऊही जणी रोवत रोवत पुढे चालल्या होत्या आणि आपलंच धान तुडवत होत्या. सगळ्यांत पुढे सासूबाई. मी हे चित्र तीनदा मोजलं होतं, बगळ्यांसकट.

विमानतळावर हे कोणाच्या लक्षात येणार, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, कोंढ्याची चार पोरं दुबईला आहेत आणि घरी येतील ती याच दारातून. तेवढ्यात मेव्हणा बाहेर आला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला भिंतीवरचे पाय दाखवले. परतीच्या वाटेवर मौद्याला म्हणाल्या, एक तर ते सरळ करायला सांगा, नाहीतर माझं तोंड पुसायला सांगा.

चित्रकार बाई तेव्हा आमच्याच गावात होती. तलावाकाठच्या भिंतीवर पंधरावा वाघ काढत होती. मी तिला घरी चहाला बोलावलं आणि अडचण सांगितली. ती सरळ बाई होती, चिडली नाही. तिनं समजावलं की प्रवाशाला चेहरे दिसले पाहिजेत आणि माणसं पुढे येताना दिसली की चित्राला जोर येतो. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होत्या, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग तिला परसात नेलं. तिथं माझ्या बायकोनं वांग्याच्या रोपांसाठी वाफा भिजवून ठेवला होता. हातात रोपं देऊन त्या म्हणाल्या, आता चित्रासारखं लाव. तिनं चार रोपं लावली आणि एक पाऊल पुढे टाकलं. दोन रोपं चपलेखाली गेली. सासूबाईंनी फक्त चपलेकडे बोट दाखवलं. माझी बायको मात्र बोलली, कारण वांगी तिची होती.

चित्रकार बाईनं पाय धुतले आणि अडचण मान्य केली. पण नऊ बायका फिरवायच्या म्हणजे नऊ पाठी नव्यानं काढायच्या. बारा दिवस लागणार आणि डागडुजीसाठी परवानगी मिळते दोन दिवसांची.

"बायका कायले फिरवतं वं?" सासूबाई म्हणाल्या. "धान फिरव."

चित्रकार बाईनं कागद मागितला. बायका होत्या तशाच ठेवल्या, समोर हिरवं केलं आणि मागे चिखल. चूक संपली. दोन दिवसांचं काम. मी दुसऱ्यांदा चहा सांगितला. सासूबाईंनी चष्मा लावून कागद हातात घेतला.

"आता मी मागं राहिली," त्या म्हणाल्या.

मला कळायला चहा संपावा लागला. बायका एकाच धुऱ्यापासून सुरुवात करतात आणि जी सगळ्यांत मागं सरकली, तिचं काम सगळ्यांत जास्त झालं. चित्रात तो धुरा आपल्या बाजूला आला होता. म्हणजे जी दूर आणि लहान, ती सगळ्यांत झपाट्याची. आणि जी जवळ, मोठी, ठळक, ती अजून धुऱ्यापासून हललेलीच नव्हती. धान सरळ करताना आम्ही कोंढ्याच्या सगळ्यांत चपळ हाताला नवातली सगळ्यांत सुस्त बाई करून ठेवलं होतं.

शेवटच्या बाईचं तोंड केवढं असेल, असं त्यांनी विचारलं. चित्रकार बाई म्हणाली, लिंबाएवढं.

"मंग मले तिथं बसव."

"आजी, तिथं तुम्ही कोणालाच दिसणार नाही."

"मी बांधीत दिसाले नाही गेली होती. रोवाले गेली होती."

आता पुढच्या मोठ्या चेहऱ्याचा प्रश्न उरला. चित्रकार बाईनं त्या दिवशीचे फोटो मोबाइलवर दाखवले. सासूबाई एकेक सरकवत गेल्या आणि आपल्या धाकट्या जावेवर थांबल्या. "हे घे," त्या म्हणाल्या. "हिले वेळ लागते." तिची परवानगी घे, पण कारण सांगू नको, असंही बजावलं. मला हे बरोबर वाटलं नाही आणि मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, त्या भिंतीवर याच्याएवढं खरं दुसरं काही नसेल. जाऊबाईंना फोन केला, तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी हो म्हटलं.

दोन दिवसांत काम झालं. पुढच्या आठवड्यात जाऊबाई जीप करून, सात माणसं घेऊन विमानतळावर गेल्या. कोणाला घ्यायला आलात, असं तिथल्या रखवालदारानं विचारलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं काढलेला फोटो त्या आता अड्याळच्या बाजारात भाजी घेतानाही दाखवतात.

आमच्याकडे आल्या तेव्हा मोबाइल सासूबाईंसमोर धरून म्हणाल्या, "बाई, नवात मीच मोठी दिसून राहिली. तू त सापडतच नाही."

सासूबाईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेल्या. आपल्या मागे रोवायचा किती चिखल उरला ते पाहिलं. हातभर होता. त्यांनी मोबाइल परत दिला आणि गहू निवडायला बसल्या.

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "जावाईबापू, तुमी मोजता म्हणे सारं. माह्या मागं किती हाये?"

"अख्खी बांधी," मी म्हणालो.

त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी ते मला परत एकदा, जरा मोठ्यानं सांगायला लावलं.