आमच्या घराला जिना नाही

"पडद्याला भोक आहे," डॉक्टर म्हणाले. "ट्रॉमॅटिक परफोरेशन. म्हणजे मार बसून कानाचा पडदा फाटलाय. आत पूही झालाय. कशानं झालं?"

"जिन्यावरून पडले," मी म्हटलं.

आमचे हे माझी पिशवी धरून बाजूलाच उभे होते. त्यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. टेबलाच्या टोकाला नोंदी करत बसलेल्या हेमांगी सिस्टरने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी कानाचे डॉक्टर येतात. त्या बाकांवर मी आजवर कितीतरी बायांना घेऊन बसले आहे. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर अकरा वर्षं मी आशा सेविका आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाच्या लेकराची लस, सगळ्यांचं मलाच ठाऊक. माझं मात्र त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं असं, की शनिवारी सकाळी मी भाकरी थापत होते आणि फोन आला. वरच्या आळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. मी तवा तसाच ठेवून उठले. "गावच्या बायांची काळजी, आणि घरच्या माणसाला करपलेली भाकर!" एवढंच यांचं म्हणणं. हात त्याआधीच उठला होता. हात काही पहिल्यांदा उठला नव्हता, पण कानावर पहिल्यांदाच बसला.

आधी फुगा फुटावा तसा आवाज झाला. मग कळ आली. मग डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली, ती थांबेचना. त्याच शिट्टीसोबत मी गेले, त्या बाईला गाडीत बसवलं, मुलगी झाली, वजन लिहिलं. घरी येऊन लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. अकरा वर्षं घरोघर सांगत फिरतेय, बायांनो, कानात तेल घालू नका. स्वतःची वेळ आली तेव्हा आशाताई कुठे गेल्या होत्या कोण जाणे. तीन दिवसांत कान वाहू लागला. फाटलेल्या पडद्यातून तेल आत गेलं आणि तिथं घाण झाली. तुमच्यापैकी कुणाला असं लागलं असेल तर एवढं लक्षात ठेवा: तेल नाही, पाणी नाही, काडी नाही. कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

आता त्या जिन्याबद्दल सांगते.

आदल्या उन्हाळ्यात कोसबाडला आम्हा आशांचं आणि नर्सबाईंचं चार दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. घरात मार खाणाऱ्या बायांना ओळखायचं कसं, बोलायचं कसं, पुढे कुठे न्यायचं. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मार लपवायला बाया काय सांगतात?" सगळ्या एका सुरात, "पडले!" कुठून? "जिन्यावरून!" तेव्हा मीच उठून म्हणाले, "मॅडम, आमच्या पाड्यावर कुडाची घरं. उंबऱ्यापलीकडे चढायला काही नाही. जिना आहे तो एकट्या ग्रामपंचायतीला, त्यालाही कुलूप. तरी दर महिन्याला आमची एक बाई जिन्यावरून पडतेच." सगळा हॉल हसला. सगळ्यात जास्त हसली ती हेमांगी सिस्टर. ती डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली, तिचं हसणं तसंही खणखणीत.

दुपारी सरावासाठी चिठ्ठ्या काढायला लावत. निम्म्या चिठ्ठ्यांवर 'आशा', निम्म्यांवर 'बाई'. आशाने विचारायचं, बाईने सांगायचं. माझी चिठ्ठी दोनदा 'बाई' निघाली आणि दोन्ही वेळा मी ती शेजारणीशी बदलून घेतली. सिस्टरने टोकलंही, "तू काय कधी बाई होतच नाहीस गं!" मी हसण्यावारी नेलं. विचारायला मी फार छान शिकले. शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्याकडून करवून घेतलं.

आणि डॉक्टरांसमोर खोटं बोलायची वेळ आली तेव्हा जगातल्या सगळ्या थापा सोडून माझ्या तोंडी नेमका तोच जिना आला.

सिस्टरने यांना केसपेपर दिला, म्हणाली, "दादा, यावर खिडकीवरून शिक्का आणा, रांग आहे जरा." सोबतचा माणूस कामाला लावून बाईला एकटं गाठायचं, हे आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिकलो होतो. तिनं मला शेजारच्या खोलीत नेऊन दार लोटलं. स्टूल ओढून माझ्या उजव्या बाजूला बसली आणि हळू म्हणाली, "मला कोणी काय सांगितला तर मी खरा मानते. सांगणाऱ्याची चूक नसते. बोलायचा तर बोल, नाय तर नको."

प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. पुढचं कुठलं येणार तेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "पडलेच गं."

"बरा," ती म्हणाली. "मी दर मंगळवारी हितंच असते."

तिनं जिन्याचं नावही काढलं नाही. शिकवलं होतं तसंच, बरोबर वागली. परत येताना बसमध्ये हे माझ्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. समोरची ओळखीची बाई म्हणाली, "नशीबवान आहात, नवरा दवाखान्यात सोबत येतो." मी हो म्हटलं. इतकं एकटं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न विचारू नये असंही आम्हाला शिकवलं होतं, पण मी माझ्यापुरतं उत्तर देते. आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते. मी गावची आहे ती यांच्या घरची सून म्हणून. माहेरी आईवडील राहिले नाहीत, मूलबाळ नाही. घर सुटलं की गाव सुटणार, गाव सुटलं की काम सुटणार. आणि काम सोडलं तर माझ्याजवळ माझं म्हणावं असं दुसरं काय होतं? शिवाय लाज. चार बायांना धीर देणारीच मार खाते म्हटल्यावर माझ्यापाशी कोण येणार?

औषधानं पू थांबला. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालायचा, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, नाक जोरात शिंकरायचं नाही. लहान भोक आपोआप भरतं, तीन महिने वाट पाहू, असं डॉक्टर म्हणाले. ती वाट मी एकटीनेच पाहिली. हे कामावर गेले की घरात मी आणि ती शिट्टी. डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर कळायचं नाही. बाया म्हणू लागल्या, आशाताईला गर्व झालाय.

ऑडिओमेट्री करायला पालघरला पाठवलं. म्हणजे ऐकण्याची तपासणी. काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी पटापट दाबलं. मग डावा सुरू झाला आणि काहीच येईना. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे पाहत होती, बहुतेक आवाज सोडत होती. एकदा वाटलं, उगाच दाबावं. इथंही 'सगळं ठीक आहे' सांगायची माझी तयारी होती. रिपोर्टवर आलं, मॉडरेट हिअरिंग लॉस, म्हणजे डाव्या कानाला साधं बोलणंही नीट पोचत नाही.

तिसऱ्या महिन्यात मी रंजनाकडे गेले. पहिलटकरीण, सातवा महिना. पडवीत तिची सासू नाचणी पाखडत बसली होती. मी वजनकाटा ठेवला, वही उघडली. रंजना काट्यावर उभी राहून माझ्या डाव्या अंगाला वाकली आणि काहीतरी बोलली. मला वाटलं गोळ्यांचं बोलतेय. मी हसून म्हटलं, "छान! असंच चालू ठेव."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती मागे सरकली आणि वजनकाट्यावरून उतरली.

रस्त्याला लागले तेव्हा कळलं, ती गोळ्यांचं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, सासूला गुळाचा चहा करायला पाठवलं, रंजनाच्या डाव्या हाताला बसले, म्हणजे माझा उजवा कान तिच्याकडे आला. म्हटलं, "काल मला ऐकायला नाही आलं. परत सांगशील?" तिनं आधी आत चुलीकडे, सासूकडे पाहून घेतलं. मग म्हणाली, "तुमी छान बोलल्या ना काल. मंग आता कशाला इचारता? पोटावर लाथ मारली त्यानी, ता सांगत होते मी."

तिचं पुढे सगळं केलं. त्याच दिवशी तपासायला नेलं, बाळ ठीक होतं, आणि तिच्या मर्जीनं तिला माहेरी पोचवलं. पण परतताना मला सरळ दिसत होतं: माझा नवरा मारतो हे मी लपवलं, म्हणून कान गेल्याचंही लपवलं, आणि त्याची किंमत रंजनानं मोजली असती. मी स्वतःची शरम सांभाळत बसले होते.

मंगळवारी मी एकटीच डहाणूला गेले. सिस्टर स्टूल ओढायच्या आत म्हटलं, "आमच्या घराला जिना नाही."

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"यांनी मारलं," मी म्हटलं, आणि मला हसूच आलं. मारलं, तरी 'यांनी'! मग रडू आलं. सिस्टरही रडली. रडायचं नाही असं प्रशिक्षणात सांगितलं होतं, ते तिनं मोडलं. मग डोळे पुसून विचारलं, "तुला काय पायजे?" मला म्हणजे मलाच, हे कळायला थोडा वेळ लागला. मी म्हटलं, आधी तो कागद सुधारा.

डॉक्टरांनी सुधारला आणि एमएलसी केली. एमएलसी म्हणजे मारहाणीची नोंद, ती कोर्टात पुरावा म्हणून लागते. पोलिसांत तक्रार द्यायची की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवायचं. मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. या सरकारी बाई अशा घरांसाठीच नेमलेल्या असतात, आणि दुसऱ्यांचे अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे चारदा गेले होते. त्या म्हणाल्या, "आज कुणाचा आणलात?"

भोक भरलं नव्हतं, म्हणून पालघरला टिम्पॅनोप्लास्टी केली. कानामागचा पातळ त्वचेसारखा पापुद्रा काढून पडद्याला ठिगळ लावतात. संमतीच्या कागदावर 'नातेवाईक' अशी जागा होती. ती रिकामी ठेवून मी माझी सही केली. सिस्टरची ड्युटी डहाणूला होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक रिकामाच होता. आत नेताना मी एकदा वळून पाहिलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला पागोट्याएवढी पट्टी आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिला पेज भरवत होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

गाव सुटलं नाही. जमनी मावशी म्हणून आमच्या पाड्यावर एकट्या राहतात. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मीच नेलं होतं. त्या येऊन म्हणाल्या, "माझे घरात ये. पडवी मोकळी हाय." तेव्हापासून मी त्यांच्या पडवीत आहे. गाव तेच, काम तेच. जुनं घर इथून दिसतं. हे पाणी भरताना दिसतात, मान फिरवतात. काही बायांनी माझ्याकडे येणं सोडलं. काही नव्यानं येऊ लागल्या, त्यांना काय सांगायचं असतं ते मी ओळखते. एकटेपण गेलेलं नाही. फक्त आता ते लपवावं लागत नाही, एवढाच फरक, आणि मला तो पुरतो.

ठिगळ बसलं आहे. शिट्टी बारीक झाली. डाव्या कानानं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची, सिस्टरची आणि मावशींची मी ऋणी आहे. रंजनाची सगळ्यात जास्त.

मागच्या महिन्यात कोसबाडला पुन्हा प्रशिक्षण झालं. तोच हॉल, त्याच चिठ्ठ्या. माझी निघाली 'बाई'. हेमांगी सिस्टरने लांबून पाहिलं. मी चिठ्ठी घडी करून मुठीत ठेवली, बदलली नाही.

समोर तलासरीकडचीच एक नवी आशा होती, पहिल्यांदा आलेली, वहीत सगळं टिपून घेतलेलं. तिनं वहीत बघत विचारलं, "ताई, काय लागला तुमाला?"

"पडले," मी म्हटलं.

"कुठं?"

"जिन्यावरून." आणि मग म्हटलं, "आमच्या घराला जिना नाही."

तिनं वहीत शोधलं. हे उत्तर तिच्या वहीत नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, वही मिटून खाली ठेवली, खुर्ची उचलली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"इकडे बस," मी उजवीकडची जागा दाखवत म्हटलं. "या कानानं मला ऐकू येतं."